डिस्को युगाची शोकसभा

भिंतीला ओल आली नसती, तर डिस्को युग नक्की कोणी घडवलं हा प्रश्न आमच्या इमारतीत कधी निघाला नसता आणि मला पंधरा दिवस तोंड लपवत फिरावं लागलं नसतं.

मी निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. घरी बसून जीव रमेना, म्हणून इमारतीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत रोज दुपारी मुलं गोळा करते. ही शिकवणी नव्हे. शिकवणीत उत्तरं देतात, मी प्रश्न देते. हा माझा समज. मुलांच्या आयांचं म्हणणं एवढंच की बाईंमुळे दुपारी दोन तास डोळा लागतो. खोलीत एक फळा आहे आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक वाक्य कायमचं लिहिलेलं आहे. ते पुसायची कोणालाच परवानगी नाही. ‘ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं.’ माझा सगळा शिक्षकी धर्म या सहा शब्दांत मावतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे ते माझ्याच मानगुटीवर बसणार आहे.

आम्ही भिंतीवर काळाची पट्टी रंगवत होतो. अश्मयुगाला दाराच्या बिजागरीपासून दिव्याच्या बटणापर्यंत जागा दिली. लाखो वर्षं झाली खरी, पण तेव्हा रोज काही नवं घडत नव्हतं. मग शेती, मग चाक, मग राजे. राजांनी फार जागा खाल्ली, कारण मुलांना तलवारी काढायला आवडतात. असं करत करत आम्ही खिडकीशी, म्हणजे माझ्या तरुणपणाशी पोचलो, आणि तिथे ताटलीएवढा ओलीचा डाग होता. रंग लावला की पोपडा धरायचा. त्या डागावर एक चित्र चिकटवायचं ठरलं. एकच मावत होतं.

माझी नात नऊ वर्षांची आहे. तिला सगळी इमारत ‘प्रश्नचिन्ह’ म्हणते. ती घरी मला आजी म्हणते आणि वर्गात बाई. हा नियम तिचा तिने केला आहे आणि तो ती मोडत नाही. तिने डागावर बोट ठेवून विचारलं, “बाई, या वेळी काय चालू होतं?”

मी म्हटलं, “डिस्को.”

आता त्या काळात इतरही पुष्कळ काही चालू होतं. मी पूल म्हणू शकले असते, धरण म्हणू शकले असते. पण तोंडातून डिस्को गेलं ते गेलं. मग डिस्को म्हणजे काय, ते सांगणं आलं. मी सांगितलं, की ते एक नाचायचं संगीत. त्याचा ठोका असा, की माणसाला खुर्चीत बसवत नाही. छताला आरशांच्या तुकड्यांचा गोळा टांगलेला असतो, तो फिरतो आणि भिंतीभर उजेडाचे ठिपके पळतात. मुलांचे डोळे त्या गोळ्यासारखेच झाले.

“बाई, तुम्ही जायचात?”

“दर रविवारी दुपारी. सलग दोन वर्षं.”

वर्गात असा आवाज झाला की जणू मी चंद्रावर जाऊन आले.

मी खोटं बोलले नाही. फक्त खरं अर्ध्यावर थांबवलं. उरलेलं अर्धं असं, की मी तिथे नाचत नव्हते. स्टेशनामागे लाल दाराचा एक डिस्को होता. त्याच्या दाराशी कोट-छत्र्या ठेवायची खिडकी होती आणि त्या खिडकीत मी नोकरीला होते. लोकांनी कोट द्यायचा, मी पितळी बिल्ला द्यायचा. लोकांनी बिल्ला द्यायचा, मी कोट द्यायचा. आतला गोळा मी दोन वर्षांत एकदाच पाहिला, तोही साफ करायला खाली उतरवला होता तेव्हा. नृत्याशी माझा संबंध एवढाच, की नाचून घामेजलेले लोक कोणते ते मला वासावरून कळायचं.

हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण वीस मुलं तोंडाचा चंबू करून आपल्याकडे बघत असली, की माणसाला चंद्रावरून खाली उतरवत नाही. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सेक्रेटरींचं परिपत्रक आलं. ‘विषय: तळमजल्यावरील ओल चित्राने झाकण्याबाबत.’ भिंत सामाईक आहे, सामाईक भिंतीवर एकाच संगीतकाराचं चित्र लावल्यास इतर संगीतकारांच्या चाहत्या सभासदांवर अन्याय होईल, सबब चित्र कोणाचं ते बहुमताने ठरावं. खाली सही, आणि सहीखाली ता.क.: ‘तीन भाऊच.’

तीन भाऊ म्हणजे बारीक आवाजात गाणारे, घट्ट विजारी घालणारे तिघे भाऊ. आमच्या सेक्रेटरींच्या डोक्यावर आता तीनच केस असतील, पण त्यांच्या मते ते केस त्या काळी खांद्यापर्यंत होते, आणि थोरल्या भावाच्या केसांची ती हुबेहूब नक्कल होती.

फाटकापाशी शिंप्याचं दुकान आहे. परिपत्रक वाचून तो मशीन सोडून रस्त्यावर आला. “तीन भाऊ? अहो, त्यांचे कपडे बघितलेत का? एकाच गठ्ठ्यातलं कापड! दोन जोडपी बघा, दोन जोडपी!” दोन जोडपी म्हणजे दोन नवरे आणि दोन बायका, चौघं मिळून गात. “काय ते चमचमते झगे! बाई, युग गळ्याने घडत नाही, युग घेराने घडतं. मी बत्तीस इंच घेराचे बेलबॉटम शिवलेत. लोक जिना उतरायचे तेव्हा जिना झाडून निघायचा.”

“पण मास्तर, आपण संगीताबद्दल बोलतोय,” मी म्हटलं.

“संगीत ऐकतं कोण? लोक बघायला जायचे. तुम्हीच सांगा, तुम्ही तर आत होतात.”

हे ‘आत होतात’ त्याच्यापर्यंत कसं पोचलं म्हणून मी दचकले. मग फाटकावरची सूचना दिसली. मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. शुद्धलेखन बिनचूक होतं, त्यामुळे मला रागवायलाही काही मिळेना. ‘या! या! डिस्को युग कोणी घडवलं? रविवारी दुपारी चार वाजता मोठा वाद. अध्यक्ष आमच्या बाई. त्या तिथे स्वतः होत्या. शेवटी त्या नाचून दाखवतील.’

मी फाटकाला धरून उभी राहिले. छातीत असा ठोका पडत होता की कोणालाही नाचता आलं असतं.

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांना खिडकीबद्दल सगळं ठाऊक आहे, कारण आमची ओळखच त्या खिडकीवर झाली. हे तीन रविवार बिल्ला हरवल्याचं सांगून खिडकीशी अर्धा अर्धा तास उभे राहिले. तिसऱ्या रविवारी बिल्ला ह्यांच्या हातातच होता.

“अगं, सांगून टाक ना,” हे म्हणाले. “कोट सांभाळलेस, चोरी नाही केलीस.”

“तुम्हाला काय जातंय? तुम्ही आत नाचत होता.”

“नाचत कुठे? पहिल्या दहा मिनिटांत माझा पाय मुरगळायचा. म्हणून तर लवकर कोट मागायला यायचो.”

“लाज कोटांची नाही हो. फळ्यावर काय लिहिलंय माहीत आहे ना? चौतीस वर्षं मुलांना तेच सांगितलं. आता ही मुलं म्हणणार, बाईंनी आपल्याला फसवलं.”

ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. हे वाचायला लागले की मला जास्त भीती वाटते. कारण मग मला स्वतःचं बोलणं ऐकू येतं.

भित्रा माणूस सोपा उपाय सोडून अवघड उपाय धरतो. खरं सांगण्याऐवजी मी नाच शिकायचं ठरवलं. स्वयंपाकघराचं दार लावलं, रेडिओ लावला, एक हात छताकडे केला, दुसरा कमरेवर ठेवला, आणि कंबर उजवीकडे नेली. ती उजवीकडेच राहिली. हे दार उघडून आत आले तेव्हा मी ओट्याला टेकून, बोट छताकडे करून, तशीच उभी.

“वर जळमटं आहेत का?” ह्यांनी विचारलं.

पुढचे तीन दिवस गरम पाण्याची पिशवी पाठीशी. बातमी इमारतभर अशी पसरली, की बाई तालमीला लागल्या आहेत.

त्यात दाढ. घाबरलं की मी दात आवळते, आणि आवळून आवळून दाढेतलं जुनं भरण निघालं. तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्य राहतात, तिथेच त्यांचा दवाखाना. त्यांच्या हाताला गुण आहे, पण तोंडात यंत्र घातलं की मग ते गप्पा सुरू करतात. समोरच्याला उत्तर देता येत नाही, याचं त्यांना काहीच वाटत नाही. मला तर वाटतं, त्यांनी हा व्यवसाय त्यासाठीच निवडला.

“आ करा, बाई. मोठा. हां. तर मी काय म्हणत होतो, तीन भाऊ, दोन जोडपी, सगळं ठीक. पण डिस्कोची राणी एकच. ती बाई एकटी उभी राहायची आणि तिच्या आवाजावर सगळा देश हलायचा. तिघे नाहीत, चौघे नाहीत. एकटी! तुमचं मत राणीलाच ना? हो म्हणायचं असेल तर आ तसाच ठेवा.”

मी आ तसाच ठेवला. दुसरा इलाज नव्हता.

“वा! अध्यक्षांचं मत राणीला. आता एक गंमत सांगतो, घाबरू नका, हे थोडं गुरगुरेल. वादाला पंच मिळालेत. पलीकडच्या इमारतीत एक गृहस्थ लेकीकडे राहायला आलेत. कवळी माझ्याकडूनच करून घेतली. ते तरुणपणी डिस्कोत तबकड्या लावायचे. स्टेशनामागे लाल दाराचा एक होता बघा, तिथे. तुम्ही कुठल्या डिस्कोत जायचात? अहो, हलू नका! हलू नका, जीभ कापेल!”

लाल दाराचा. तोच. म्हणजे ज्या माणसाने दोन वर्षं दर रविवारी तबकड्या लावल्या, तो माणूस वीस मुलांसमोर माझ्याकडे बोट दाखवून विचारणार: अहो, तुम्ही त्या कोटवाल्या ना? खुर्चीच्या हातांवर माझी नखं रुतली. दंतवैद्यांना वाटलं, दुखतंय. त्यांनी दाढ आणखी बधिर केली. भीती बधिर करायचं इंजेक्शन त्यांच्याकडे नसावं.

आता पंच आले म्हणजे तबकड्या आल्या, तबकड्या आल्या म्हणजे ध्वनिक्षेपक आला, आणि ध्वनिक्षेपक आला म्हणजे परवाना आला. सेक्रेटरी म्हणाले, “अध्यक्षांनीच अर्ज करायचा असतो.” मी परवाना कार्यालयात गेले, अर्धा गाल सुजलेला, कंबर एका बाजूला. मनात खरं तर आशा होती, की परवानगी मिळणार नाही. आयुष्यात प्रथमच मी सरकारी नकाराच्या भरवशावर घरातून निघाले होते.

खिडकीच्या पलीकडे कारकून. खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभं राहिलं की मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. त्याने अर्ज पाहिला. “कार्यक्रमाचं स्वरूप लिहिलं नाहीत. विवाह, वाढदिवस, मिरवणूक की शोकसभा?”

“वादविवाद.”

“तो रकाना नाही.”

“मग इतरमध्ये घाला.”

“इतरची फाईल भरली. नवीन वरून यायचीय.”

“मग नको,” मी आनंदाने म्हटलं. “राहू द्या. आम्ही रद्द करतो.”

माझ्या सुजलेल्या गालाकडे आणि वाकड्या कमरेकडे बघून त्याला दया आली. त्या एका माणसाला, त्या एका दिवशी दया यायला नको होती. “अहो मावशी, एवढ्या लांब आलात. मी शोकसभेत घालतो. शोकसभेला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.” आणि त्याने शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दारात हवालदार. पोलीस दारात आला की निरपराध माणसालाही आपण काय केलं ते आठवायला लागतं, आणि मी तर निरपराधही नव्हते.

“शोकसभेची चौकशी,” तो म्हणाला. “मयताचं नाव?”

मी घडाघडा सगळं सांगितलं. ओल, पट्टी, तीन भाऊ, दोन जोडपी, राणी, भरलेली फाईल. फक्त कोट तेवढे गाळले.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “मला कळतंय हो बाई. पण रकाना रिकामा सोडता येत नाही. मयत: डिस्को युग. वय?”

“दहा-बारा वर्षं धरा.”

“जवळचे नातेवाईक?”

आतून हे म्हणाले, “तीन भाऊ.”

“मी येईन रविवारी,” हवालदार टोपी घालत म्हणाला. “अहवाल द्यावा लागतो. आणि खरं सांगू? माझं मत दोन जोडप्यांना.”

रविवार उजाडला तो पावसात. मी देवाला सांगितलं होतं की पूर येऊ दे. पूर आला नाही, फक्त लोक भिजून आले आणि आलेले लोक भिजल्यामुळे परत जाईनात. खोलीत पाणी होऊ नये म्हणून मी मुलांना दाराशी उभं केलं आणि म्हटलं, “प्रत्येकाची छत्री घ्या, चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्या.” एवढं सांगून मी आत गेले. माझं निम्मं लक्ष दाराकडे होतं, निम्मं पळून जायच्या वाटेकडे, आणि खोलीला दार एकच होतं.

पंच आले. उंच, वाकलेले, हातात तबकड्यांची पेटी. ते माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराने घाम पुसायच्या निमित्ताने अर्धं तोंड झाकलं.

“नमस्कार,” ते म्हणाले आणि पुढे जाऊन बसले. म्हटलं, ओळखलं. सभ्य गृहस्थ आहेत, सर्वांसमोर सांगायची वेळ बघतायत. सभ्य माणसाची भीती जास्त, कारण तो सावकाश मारतो.

वाद सुरू झाला. सेक्रेटरींनी तीन भावांच्या बाजूने पाच मिनिटं मागून वीस घेतली आणि शेवटी त्यांच्या आवाजात एक तान घेऊन दाखवली. ती ऐकून पलीकडच्या इमारतीतला कुत्रा भुंकू लागला. दंतवैद्य म्हणाले, “बघा, कुत्र्यालाही राणी हवीय.” त्यांनी घड्याळ लावून राणीच्या गाण्याचे मिनिटाला किती ठोके ते मोजून दाखवलं. शिंपी टेबलावर चढला. त्याने जुना बेलबॉटम आणला होता. तो त्याने फडकवला आणि पहिल्या रांगेतल्या चौघांच्या अंगावर त्याचा वारा आला.

“चौघांनी गायलेलं युग चौघांना दिसतं!” शिंपी ओरडला.

“मास्तर, खाली उतरा. टेबल सोसायटीचं आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“तीन भाऊ तीन खुर्च्यांवर बसतील, टेबलावर कोण बसणार?”

“नोंद करू का?” हवालदाराने वही काढून विचारलं. “शोकाकुल वातावरण, असं?”

बहुमताची वेळ आली. हात मोजले. तीन भावांना नऊ, दोन जोडप्यांना नऊ, राणीला नऊ. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. अध्यक्षांचं मत निर्णायक. आणि तेवढ्यात माझी नात उभी राहिली.

“बाई आधी नाचून दाखवतील,” ती म्हणाली. “मग सांगतील. कारण त्यांनी पाहिलंय.”

मुलांनी टाळ्यांचा ठोका धरला. पंच उठून तबकडी लावायला लागले. मी उठले. एक हात वर करायचा, दुसरा कमरेवर. हात वर गेला, आणि वर जाता जाता मला फळ्याचा कोपरा दिसला.

मी हात खाली घेतला.

“मी नाचले नाही,” मी म्हटलं. “कधीच नाही. मी दाराशी खिडकीत बसून लोकांचे कोट आणि छत्र्या सांभाळत होते. तुम्ही मुलांनी विचारलंत तेव्हा मी हे सांगितलं नाही. तुम्हाला आवडलं असतं की नाही याची मला भीती वाटली. डिस्को युग कोणी घडवलं ते मला ठाऊक नाही.”

टाळ्या थांबल्या. कुत्रासुद्धा थांबला. मला वाटलं, झालं, उद्यापासून या खोलीत सायकली ठेवतील.

प्रश्नचिन्ह बसली नव्हती. ती तशीच उभी, भुवया जवळ आणून. रागावली की ती अशीच दिसते, आणि विचार करत असली तरी अशीच दिसते. मला त्या क्षणी कोणतं ते कळेना.

“मग खिडकीतून काय दिसायचं?” तिने विचारलं.

चौतीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं, पण इतका बरा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

“जाणारे लोक दिसायचे,” मी म्हटलं. “नाच आवडेनासा झाला की लोक कोट मागायला यायचे. आतलं गाणं भिंतीतून ऐकू यायचं. तीन भाऊ असोत, राणी असो, जोडपी असोत, कोणाच्या ना कोणाच्या गाण्याला कंटाळून कोणी ना कोणी यायचंच. रांग लागायची. पण एक गाणं असं होतं, की ते सुरू झालं की रांगेतली माणसं थांबायची. एक हात बाहीत घातलेला असायचा, दुसरा बाहेर. तसाच कोट काढून पुन्हा माझ्या हातात द्यायचे आणि आत पळायचे. ते गाणं लागलं की खिडकीसमोर चिटपाखरू उरायचं नाही.”

“कोणाचं होतं ते?” सेक्रेटरी, दंतवैद्य आणि शिंपी एकदम म्हणाले.

“आवाज भिंतीतून यायचा हो. शब्द कळायचे नाहीत.”

तेवढ्यात पंच पुढे आले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की कवळी सैल झाली की काय असं मला वाटलं.

“थांबा,” ते म्हणाले. “मीसुद्धा कधी नाच पाहिला नाही. मला लाकडी खोलीत बसवायचे, तोंड भिंतीकडे. एक भोक होतं, बिल्ल्याएवढं. त्यातून फक्त कोटांच्या खिडकीची फळी दिसायची, आणि दोन हात. त्या हातांत कोट भराभर यायला लागले की मी समजायचो, लोक निघाले, आता तबकडी बदल. आणि मग मी ती लावायचो. रांग मोडायची. दोन वर्षं मी डिस्को त्या दोन हातांकडे बघून चालवला.”

“पण ती तबकडी कोणाची?” शिंप्याने टेबलावरूनच विचारलं.

पंचांनी पेटीतून एक तबकडी काढली. मधला कागद निघून गेला होता. नुसता गोंदाचा पिवळा गोल.

“मला दिली तेव्हापासून अशीच आहे. कोणाची, ते मलाही ठाऊक नाही.”

ती लावली. खरखरीतून ठोका आला. तिन्ही पक्ष कान टवकारून बसले. सेक्रेटरी म्हणाले भाऊच असणार, दंतवैद्य म्हणाले राणीच, शिंपी म्हणाला जोडपीच. पण म्हणता म्हणता तिघांचेही पाय हलत होते, आणि शिंप्याचं टेबलही.

हवालदार वहीत लिहू लागला. लिहून झाल्यावर त्याने मला वाचून दाखवलं, “मयताची ओळख पटलेली नाही. सभा शांततेत पार पडली.” मग टेबलाकडे बघून त्याने ‘शांततेत’ खोडलं.

सभा संपली आणि लोक दाराकडे निघाले. तिथे नवा गोंधळ. सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच आकडा होता: १. मी चिठ्ठ्या देणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणता ना, आपल्याकडे सगळ्यांचा पहिला नंबर.”

तीसेक छत्र्या, जवळजवळ सगळ्या काळ्या, आणि तीसेक माणसं हात पुढे करून उभी. सेक्रेटरींनी शिंप्याची छत्री ओढली, शिंप्याने दंतवैद्यांची. मी छत्र्या ठेवलेल्या बाकड्याच्या मागे गेले. कंबर सरळ झाली की काय कोण जाणे. लोक येत होते तेव्हा मी दाराकडे घाबरून घाबरून पाहत होते, त्यामुळे कोण कोणती छत्री घेऊन आला ते सगळं डोळ्यांत होतं. मी एकेक उचलत गेले आणि एकेकाला देत गेले. चेहऱ्याकडे पाहायचं, छत्री उचलायची, मूठ त्याच्या बाजूला फिरवायची, द्यायची. एकही चुकली नाही. मुलं बाकड्याशी कोंडाळं करून बघत होती, जसा मी कधी तो आरशांचा गोळा पाहायला हवा होता तशी.

शेवटी पंच उरले. मी त्यांची छत्री उचलली, मूठ त्यांच्याकडे फिरवली. ते छत्री घेईनात. माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, खाली बघत होते.

“हां,” ते म्हणाले. “हेच ते.”

म्हणजे या माणसाने माझा चेहरा जन्मात पाहिला नव्हता. मी पदराने झाकला होता तो भलताच भाग.

आता ओलीच्या डागावर मुलांनी काढलेलं चित्र आहे. एक खिडकी, दोन हात, एक कोट. खाली प्रश्नचिन्हाच्या अक्षरात: ‘डिस्को युग. कोणी घडवलं ते ठाऊक नाही. शोध चालू आहे.’ तिन्ही पक्षांनी सही केली आहे, आणि तिघांनीही सहीखाली ता.क. लिहिला आहे. ओल मात्र चित्राच्या कडेने पुढच्या दशकात सरकते आहे. त्या दशकात मी काय करत होते, हे अजून कोणी विचारलेलं नाही, आणि मी तोंड उघडणार नाही. दंतवैद्यांकडेसुद्धा नाही.